माझं तारण झालं आहे, हे कशावरून ओळखायचं?

जालना असो, परभणी असो की संभाजीनगर, रविवारची उपासना संपली की पाळकसाहेबांना बाजूला घेऊन हळू आवाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो: “साहेब, मी आज गेले तर प्रभूकडं जाईन का हो?” विचारणारी बहुतेक वेळा अशी मावशी असते, जिनं उपासना क्वचितच चुकवली असेल. बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण झालेलं, नातवंडं शब्बाथशाळेत जातात, तरी पोटात धाकधूक. त्याच मंडळीत एखादा तरुण असा असतो की त्यानं कधीतरी एका सभेत ख्रिस्ताला स्वीकारतो म्हणून हात वर केला आणि तेव्हापासून हा विषय मिटला असं धरून चालला. शास्त्र या दोघांशीही बोलतं, पण दोघांशी एकच बोलत नाही. सगळा घोटाळा तिथंच होतो. तरुणासाठी लिहिलेलं मावशी मनाला लावून घेते, आणि मावशीसाठी लिहिलेलं तरुण खिशात घालतो.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तारण होणं म्हणजे पापांची क्षमा मिळणं, देवाशी समेट होणं, सार्वकालिक जीवन लाभणं. हे देवानं करायचं काम. तारणाची खात्री वाटणं ही त्या कामाबद्दल आपल्या मनाला आलेली निश्चिंती. दोन्ही गोष्टी जोडीनं येतातच असं नाही. मनाला निश्चिंती नाही म्हणजे काम झालंच नाही, असा अर्थ काढायला शास्त्रात आधार नाही. जालन्याला स्कॉटलंडच्या मिशननं जी शिकवण आणली, तिच्या मुळाशी 1646 साली लंडनमध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या शिकवणीचा लेखी जाहीरनामा, आहे. त्याच्या 18व्या प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ वाट पाहावी लागू शकते, पुष्कळ अडचणींतून जावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री हलूही शकते. शिकवणीच्या बाबतीत अतिशय काटेकोर असलेल्या माणसांनी हे लिहून ठेवलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मडक्यात ठेवलेलं खरेदीखत

खात्री टेकवायची कशावर, हे समजायला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 32वा अध्याय वाचावा. तारणाच्या विषयावर बोलताना हा अध्याय फारसा कोणी काढत नाही. पण शेतजमिनीचे व्यवहार पाहत वाढलेल्या माणसाला तो लगेच कळतो, कारण त्यात एक जमीन विकली जाते, आणि तीही रीतसर कागद करून.

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे. सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष. यिर्मया राजवाड्याजवळच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे शहराबाहेर, हाकेच्या नाही पण थोड्याच अंतरावरचं गाव. सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली. असल्या जमिनीला कोण गिऱ्हाईक मिळणार? यिर्मया घेतो. 17 शेकेल (त्या काळचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, ताजव्यात तोलून देतो. खत लिहून त्यावर मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण देवानं सांगितलंय की या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

याच्या पुढचा भाग लोक वाचत नाहीत. खत बारूखाकडं दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि त्या प्रार्थनेचा शेवट गोंधळात होतो. शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय, आणि तू मला सांगतोस पैसे देऊन शेत घे, असं तो देवालाच म्हणतो. म्हणजे कागद मडक्यात गेला तेव्हा कागद करणारा माणूस शांत नव्हता. त्याच्या मनात कालवाकालव होती. तरी खत खरंच होतं, मोहर खरीच होती.

आपल्याकडंही रात्रभर झोप लागली नाही म्हणून कोणाची जमीन दुसऱ्याची होत नाही. शंका आली की माणूस पेटीतून खरेदीखत काढतो, चष्मा लावून वाचतो. आत काय वाटतंय हे तो खतात शोधत नाही, खतात काय लिहिलंय ते पाहतो. ख्रिस्ती माणसाच्या खात्रीचं काम असंच चालतं. जो माझं वचन ऐकतो आणि ज्यानं मला पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त झालं आहे, त्याच्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, असं येशू योहान 5:24 मध्ये म्हणतो. योहान 10:28-29 मध्ये म्हणतो की माझ्या मेंढरांना कोणी माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही, माझ्या पित्याच्या हातातूनही नाही. रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय सुरू होतो तोच या वाक्यानं की ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौलही व्यवहाराच्याच भाषेत बोलतो. इफिसकरांस पत्रात (1:13-14) तो म्हणतो, तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का मारलेला आहे, आणि तो आत्मा आपल्या वतनाचा विसार आहे. विसार घेऊन शब्द फिरवणारी माणसं आपण पाहिली असतील. इथं विसार देणारा देव आहे.

म्हणून मावशीला पहिलं उत्तर असं: तुमची धडधड मोजू नका. ज्यानं वचन दिलं तो खरा की खोटा, एवढंच विचारा.

योहानानं घाबरलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र

या विषयावर एकच पुस्तक वाचायचं तर योहानाचं पहिलं पत्र वाचावं. 5 अध्याय, 105 वचनं. घरात मोठ्यानं वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत होतं. पहिल्या शतकाच्या अखेरीस, परंपरेप्रमाणे इफिसच्या परिसरातल्या मंडळ्यांसाठी, ते लिहिलं गेलं. मंडळीत फूट पडलेली होती. आपल्यातलेच काही जण उठून गेले, असं 2:19 मध्ये येतं. उठून जाणारे शांतपणे जात नाहीत, जाताना मागं राहिलेल्यांच्या मनात किडा सोडून जातात: खरं त्यांच्याकडं आहे की आपल्याकडं? मराठवाड्यातल्या मंडळ्यांना हे नव्यानं सांगायला नको. एका वस्तीत दोन-तीन मंडळ्या असतात आणि लग्नाच्या मांडवात एक पाहुणा दुसऱ्याला विचारतो, “तुमचा आत्म्याचा बाप्तिस्मा झालाय का?” विचारणारा सहज विचारून जातो, ज्याला विचारलं त्याची मात्र झोप उडते.

अशा हादरलेल्या माणसांना योहान लिहितो. पत्राचा हेतू त्यानं 5:13 मध्ये सांगितलाय: देवाच्या पुत्राच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्या तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलं आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून. कळावं, असं तो म्हणतो. अंदाज बांधावा, आशेवर राहावं, असं म्हणत नाही. म्हणजे खात्री असणं हा उद्धटपणा नव्हे. आपल्याकडं “माझं तारण झालंय” असं म्हणणारा माणूस गर्विष्ठ समजला जातो. खात्री स्वतःच्या चांगुलपणावर असेल तर तो गर्वच. वचन देणाऱ्यावर असेल तर त्यात गर्व करण्यासारखं काही उरत नाही.

मग कळायचं कसं? योहान तीन गोष्टींकडं पुन्हा पुन्हा येतो. येशू हा ख्रिस्त आहे, देहानं आलेला देवाचा पुत्र आहे, असा विश्वास आहे का? त्याच्या आज्ञा पाळाव्यात अशी ओढ आहे का? आणि भावाबहिणींवर प्रीती आहे का? प्रीती म्हणजे गोड बोलणं नाही. जवळ संसाराची साधनं असून गरजेतल्या भावाला पाहून जो आपलं काळीज बंद करतो त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहणार, असं तो 3:17 मध्ये थेट विचारतो.

इथं मी थोडं थांबून सांगतो. ज्या घरी मयत झाली त्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी पिठलं-भाकरीचा डबा कोण पोचवतं, ते बघा. डबा दाराशी ठेवायचा, आतल्या म्हाताऱ्या माणसाजवळ दोन मिनिटं बसायचं, चुलीवर पाणी तापत ठेवून निघायचं. बहुतेक वेळा हे करणारी तीच मावशी असते, जी पाळकांना विचारत असते की माझ्या जीवनात काही फळ आहे का. तिला स्वतःचं फळ दिसत नाही, सगळ्या गल्लीला दिसतं. म्हणून खुणा स्वतः एकट्यानं तपासायच्या नसतात. आपल्याला ओळखणाऱ्या विश्वासू माणसाला विचारावं, “माझ्यात तुम्हाला काय दिसतं?”

तरुणानं मात्र याच तीन खुणांपुढं उभं राहावं. हात वर केला होता हे खरं, पण त्यानंतर काय? आज्ञा पाळण्याची ओढच नाही आणि सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टकचेरी चालू आहे, तर त्याला “तू निर्धास्त राहा” असं म्हणायला योहान तयार नाही. फळ ही तारणाची किंमत नाही, खूण आहे. पण खूणच नसेल तर विचार करायला हवा.

पुन्हा मावशीकडं. आज्ञा पाळायची ओढ आहे, पण रोज चूक होते, मग? योहानानं याचा विचार आधीच केलाय. आपल्याला पाप नाही असं म्हणणं ही स्वतःची फसवणूक, आणि पाप पदरी घेतलं तर क्षमा करायला देव विश्वसनीय आणि न्यायी आहे (1:8-9). त्याहून मोठा दिलासा 3:19-20 मध्ये आहे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. मन हा वकील असेल, फिर्यादी असेल. निकाल देणारा नाही.

शंका आली म्हणजे विश्वास गेला?

नाही. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, जो येणार होता तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्यानं स्वतः यार्देनेत येशूचा बाप्तिस्मा केला, त्याचा हा प्रश्न. येशू रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, जे पाहिलं-ऐकलं ते जाऊन सांगा, एवढं म्हणाला. निरोपे निघून गेल्यावर लोकांना म्हणाला, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही (लूक 7). शंका विचारली त्याच दिवशी हे प्रशस्तिपत्र मिळालं.

मार्काच्या 9व्या अध्यायातला तो बाप तर आपल्यातलाच वाटतो. लहानपणापासून पोराला झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांकडं आणलं, त्यांना जमलं नाही. बाप येशूला म्हणतो, आपल्याला काही करता येत असेल तर करा. आणि मग ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. येशूनं त्याला आधी विश्वास पुरा करून आण असं सांगून परत पाठवलं नाही. पोराला बरं केलं. थोड्या विश्वासानं घट्ट धरलेला ख्रिस्त थोडा नसतो.

आता घाबरवणारी वचनं. मत्तय 7:21-23 मध्ये “प्रभो, प्रभो” म्हणणाऱ्यांना येशू म्हणतो, माझी तुमची ओळखच नव्हती. नीट वाचलं तर दिसतं की ही माणसं दारात उभी राहून आपल्या कामांची यादी वाचतात: आम्ही संदेश दिला, भुतं काढली, अद्भुतं केली. दयेची याचना एकही करत नाही. जी मावशी “माझ्याजवळ काहीच नाही” म्हणून रडते, तिची जागा या रांगेत नाही. पण पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणं हेही तिथंच लिहिलंय. तेवढा भाग गाळून वचन वाचू नये.

इब्री लोकांस पत्रातला (6:4-6) इशारा ख्रिस्ताला ओळखून जाणूनबुजून पाठ फिरवणाऱ्यांसाठी आहे, आणि लगेच 9व्या वचनात लेखक वाचकांना “प्रियजनहो” म्हणून सांगतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे. मार्क 3 मधलं पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप? संदर्भ वाचा. येशूचं काम डोळ्यांदेखत पाहून ते सैतानाचं आहे असं म्हणणाऱ्या शास्त्र्यांना तो बोलतोय. आपल्या हातून ते पाप घडलं की काय, या भीतीनं जो क्षमेसाठी ख्रिस्ताकडं धावतो, त्याची धावच सांगते की त्यानं पाठ फिरवलेली नाही.

दुष्काळ आणि विश्वास

याबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे, कारण आपल्या भागात याचा फार त्रास झालाय. काही सभांमध्ये शिकवलं जातं की विश्वास पक्का असेल तर कर्ज फिटतं, आजार जातो, बोअरला पाणी लागतं. मग पाणी लागलं नाही की माणूस दोन्हीकडून बुडतो. पीकही गेलं, आणि वर आपला विश्वासच खोटा, हा ठपका. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना ठाऊक आहे की विहीर कोरडी पडताना मालकाचा धर्म किंवा विश्वास विचारत नाही. येशूनंच सांगितलंय की पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो (मत्तय 5:45).

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट मराठवाड्यातल्या प्रत्येक मंडळीनं पाठ करावा असा आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी माझ्या तारण करणाऱ्या देवाविषयी उल्लास करीन. रोमकरांस 8:35 मध्ये ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील असं विचारताना पौल जी यादी देतो, तीत उपासमारही आहे. विश्वासणाऱ्यावर ती येणारच नाही, असं त्यानं म्हटलेलं नाही. ती आली तरी तोडू शकणार नाही, असं म्हटलंय. खात्री तारणाची आहे, हंगामाची नाही.

रोमकरांच्या याच अध्यायात आणखी एक वचन आहे, ज्याला आपल्या मातीत वेगळं वजन आहे. तुम्हाला दासपणाचा आत्मा मिळाला नाही तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला, ज्याच्या योगानं आपण “अब्बा, बापा” अशी हाक मारतो, आणि तो आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुलं आहोत (8:15-16). 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांतली माणसं तिथं कुटुंबासह राहायला आली. पिढ्यानपिढ्या ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांना देवाला बाप म्हणता येणं ही नुसती शिकवण नव्हती. आपल्यापैकी कितीतरी घरांचा विश्वास असल्याच हाकेतून उगवलाय. म्हणून घरात कोणी “आपण कुठले लायक” असं म्हणायला लागलं की हा अध्याय काढून वाचावा. लायकीवर कोणी दत्तक गेलेलं नाही.

मंडळ्यांमध्ये या विषयावर मतभेद आहेत, तेही थोडक्यात सांगतो. 1547 मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं ठरवलं की आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कोणालाही, ज्यात चूक होऊच शकत नाही अशा खात्रीनं, सांगता येत नाही; पण देवाच्या दयेवर कोणी संशयही घेऊ नये. त्यामुळं कॅथलिक बंधुभगिनी खात्रीपेक्षा आशेची भाषा बोलतात आणि संस्कारांचा आधार घेतात. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमध्ये वाटलं की ख्रिस्तानं माझी, माझीच पापं दूर केली. ही खात्री आत्मा देतो असं त्यांनी शिकवलं, पण माणूस कृपेपासून ढळू शकतो असंही मानलं. प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या मिशनच्या परंपरेतले लोक, म्हणतात, देवानं ज्याला धरलं तो शेवटपर्यंत टिकतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा यातले काही प्रवाह एका छपराखाली आले, म्हणून एकाच मंडळीत शेजारी बसलेली दोन जुनी घराणी या प्रश्नावर वेगळं उत्तर देताना दिसतील. भांडण्याचं कारण नाही. नजर स्वतःवरून काढून ख्रिस्ताकडं लावा, हे तिघंही सांगतात.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. शास्त्र कुठंही उघडून बोट ठेवायचं आणि निघालेलं वचन आजचा निकाल मानायचा, ही सवय सोडावी. त्यात भीती घेऊन गेलेल्या माणसाला भीतीचंच वचन सापडतं. एक पत्र घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, घरातल्या कोणाबरोबर तरी वाचा. मन फारच अंधारलं असेल तर 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे.

दुसरी गोष्ट शरीराची. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून “आता पुरे, माझा जीव घे” म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (1 राजे 19). आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर पाळकांकडं जा आणि डॉक्टरांकडंही जा. गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. घरच्यांनीही “जास्त प्रार्थना कर” एवढ्यावर सोडू नये, सोबत दवाखान्यात जावं.